गवतावर कोण जिंकेल? विम्बल्डनचा अंदाज बांधण्याची रीत

जून संपत आला की इंदूरमध्ये पाऊस स्थिरावतो, हार्ड कोर्टावर डबकी साचतात आणि सकाळी खेळायला येणारी मंडळी रॅकेटी बाजूला ठेवून वाद घालायला मोकळी होतात. हातात जिरावण भुरभुरलेल्या पोह्यांची प्लेट आणि तोंडी एकच विषय: यंदा विम्बल्डन कोणाचं?

आमच्यातले एक निवृत्त काका रँकिंगवर ठाम असतात. "नंबर एक आहे तो उगीच आहे का?" इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी लगेच म्हणते, "काका, रँकिंग सोडा हो. गवतावर त्याचे पाय कसे पडतात ते बघा." तिसरे एक गृहस्थ ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची सोडत, लागल्याशिवाय मतच देत नाहीत. आणि एक आजोबा सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी सांगतात, "ज्याचा दिवस असेल तो जिंकेल."

चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण ते चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. 'यंदा विम्बल्डन कोणाचं' या एका वाक्यात हे चारही प्रश्न दडलेले आहेत. खेळाडूचा खेळ गवताला मानवतो का? रँकिंगमध्ये गवत मोजलं जातं का? वाटेत कोण कोण येणार? आणि जो सरस आहे तो दर वेळी जिंकतोच का? हे प्रश्न सुटे करून पाहिले की वाद कमी होत नाही, पण निदान तो एकाच गोष्टीवर होतो.

सुरुवात जमिनीपासून करू. जमीन बदलली की खेळ बदलतो हे इंदूरकराला वेगळं सांगायला नको. मार्च २०२३ मध्ये होळकर स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत भारताचा पहिला डाव १०९ धावांत आटोपला आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच ऑस्ट्रेलियाने नऊ गडी राखून सामना जिंकला. मालिकेतल्या आधीच्या दोन्ही कसोट्या जिंकलेला तोच संघ, तेच फलंदाज, पण खेळपट्टीने हिशोब पालटला. टेनिसमध्ये कोर्ट हेच काम करतं, आणि गवताचं कोर्ट सर्वांत जास्त.

चेंडू जमिनीवर पडतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. जमीन त्याचा पुढे जाण्याचा वेग थोडा कमी करते आणि त्याला वर उसळवते. लाल मातीच्या कोर्टावर बारीक कण चेंडूला पकडतात, त्यामुळे तो मंदावतो आणि उंच उडतो. गवताची पाती गुळगुळीत असतात. चेंडू त्यांच्यावरून घसरतो, वेग फारसा गमावत नाही आणि खाली राहतो. समोरच्याला वेळ कमी मिळतो आणि चेंडू गुडघ्याच्या आसपास खेळावा लागतो.

एवढ्याशा फरकातून बाकीचं सगळं निघतं. टॉपस्पिन, म्हणजे पुढे गरगरणारी फिरकी, देऊन चेंडू खांद्यापर्यंत उडवणाऱ्या खेळाडूचं मुख्य हत्यार गवतावर बोथट होतं. रॅकेटची मूठ खूप फिरवून धरणाऱ्यांना, ज्याला वेस्टर्न ग्रिप म्हणतात, खालचा चेंडू उचलणं जड जातं. ज्यांचा फोरहँडचा झोका लांब आहे त्यांना तो पूर्ण करायला वेळच उरत नाही. उलट ज्याचा स्लाइस, म्हणजे चेंडू खालून कापून मारलेला उलट्या फिरकीचा फटका, धारदार आहे त्याला गवत साथ देतं, कारण आधीच खाली राहणारा चेंडू स्लाइस केल्यावर जमीन सोडतच नाही. डावखुऱ्यांची बाहेर वळत जाणारी सर्व्हिस इथे आणखी घातक होते. नऊ वेळा एकेरी जिंकणारी मार्टिना नवरातिलोवा डावखुरी, मॅकेन्रो डावखुरा, २००१ चा इव्हानिसेविच डावखुरा, २०२३ ची वोंद्रुसोवाही डावखुरी.

कॅस्पर रूडचं उदाहरण घ्या. २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं तो फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत होता. विम्बल्डनमध्ये मात्र २०२५ पर्यंत त्याला दुसरी फेरी कधी ओलांडता आली नव्हती. दोन स्पर्धांमध्ये अंतर तीन आठवड्यांचं, आणि २०१४ पर्यंत तर ते दोनच आठवड्यांचं होतं. एवढ्यात माणसाचा खेळ बिघडत नाही. पायाखालची जमीन बदललेली असते.

पायांबद्दल ती मुलगी जे म्हणते ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मातीवर खेळाडू घसरत जाऊन चेंडू मारतात. गवतावर तसं घसरणं धोक्याचं, विशेषतः पहिल्या दोन-तीन दिवसांत, कारण तेव्हा गवत ताजं, रसरशीत असतं आणि छप्पर बंद असेल तर दमटपणाने आणखी निसरडं होतं. २०२१ मध्ये सेंटर कोर्टावर एकाच दिवशी सेरेना विल्यम्स आणि एड्रियन मॅनारिनो दोघंही घसरून जखमी झाले आणि दोघांनाही पहिल्याच फेरीचा सामना सोडावा लागला. म्हणून टीव्हीवर पहिली फेरी बघताना चेंडूकडे कमी आणि बुटांकडे जास्त बघावं. चेंडूपाशी पोहोचताना जो लहान-लहान पावलं टाकतो, गुडघे वाकवून खाली राहतो, त्याचं गवताशी जमलेलं आहे. जो लांब ढांग टाकून शेवटच्या क्षणी ताणतो, त्याच्या नावापुढे मी मनात एक खूण करून ठेवते.

इथे एक गोष्ट जुन्या जाणत्यांनाही सांगावी लागते. विम्बल्डनचं आजचं गवत नव्वदच्या दशकातलं नाही. २००१ पासून तिथे शंभर टक्के बारमाही राय गवत लावतात. त्याआधी सत्तर टक्के राय आणि तीस टक्के फेस्क्यू असं मिश्रण होतं. गवताची उंची तीच, आठ मिलिमीटर. पण कोर्ट जास्त टणक झालं आणि उसळी थोडी वाढली, नेमकी झाली. २००१ ची अंतिम फेरी इव्हानिसेविच आणि राफ्टर या दोन सर्व्ह-अँड-व्हॉलीवाल्यांत, म्हणजे सर्व्हिस करून लगेच नेटकडे धावणाऱ्यांत, झाली होती. २००२ ची झाली ह्युइट आणि नालबांदियान यांच्यात, दोघेही बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, खेळणारे. कोर्ट कुठे झिजतं तेही बदललं. सॅम्प्रसच्या काळातल्या फोटोंमध्ये बेसलाइनपासून नेटकडे जाणारी उघडी पायवाट दिसते. आता दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनपाशी तेवढी माती उघडी पडते आणि नेटजवळचं गवत शेवटपर्यंत हिरवं राहतं. त्यामुळे 'गवतावर फक्त सर्व्हिसवाले जिंकतात' हा आजोबांच्या पिढीचा नियम आता लागू होत नाही. आज जिंकतो तो सर्व्हिस चांगली असणारा आणि रिटर्न त्याहून चांगला असणारा.

आता काकांचं रँकिंग. रँकिंग म्हणजे मागच्या ५२ आठवड्यांत कमावलेले गुण. पुरुषांच्या टूरवर ग्रँड स्लॅमच्या खालोखाल ज्या नऊ मास्टर्स १००० स्पर्धा आहेत, त्यांतल्या सहा हार्ड कोर्टावर, तीन मातीवर, आणि गवतावर एकही नाही. गवताचा हंगामच मुळी पाच-सहा आठवड्यांचा. म्हणजे रँकिंगमध्ये खेळाडूचं गवतावरचं कौशल्य जवळजवळ दिसतच नाही. १९७४ पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम गवतावर होत, तेव्हा चित्र वेगळं होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेने गवत सोडलं, १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियाने.

विम्बल्डनवाल्यांनाही हे ठाऊक होतं. २००२ ते २०१९ पुरुष एकेरीचं मानांकन ठरवताना ते रँकिंगच्या गुणांत आधीच्या बारा महिन्यांतले गवतावरचे गुण पुन्हा एकदा मिळवत आणि त्याआधीच्या बारा महिन्यांतल्या सर्वोत्तम गवती स्पर्धेचे पंचाहत्तर टक्के गुणही धरत. २०१९ मध्ये या सूत्रामुळे जगात दुसरा असलेला नदाल तिसऱ्या मानांकनावर गेला आणि फेडरर दुसऱ्यावर आला. दोघांची गाठ उपांत्य फेरीत पडली आणि फेडरर जिंकला. २०२१ पासून सूत्र बंद झालं, आता रँकिंगच चालतं. मला ते सूत्र आवडायचं. त्यात कुणाची मर्जी नव्हती, साधी बेरीज होती, आणि ती या स्पर्धेपुरती जास्त खरी होती. आता तीच बेरीज आपल्याला घरी बसून करावी लागते.

सरावाच्या स्पर्धांवरून अंदाज बांधावा का? थोडासाच. अल्काराझने २०२३ मध्ये लंडनची क्वीन्स स्पर्धा जिंकली आणि मग विम्बल्डनही. २०२४ मध्ये तो क्वीन्सला दुसऱ्याच फेरीत हरला, तरी विम्बल्डन जिंकला. २०२५ मध्ये पुन्हा क्वीन्स जिंकला आणि विम्बल्डनच्या अंतिम फेरीत सिनरकडून हरला. सिनर त्या वर्षी जर्मनीतल्या हालेच्या गवती स्पर्धेत दुसऱ्या फेरीतच बाद झालेला. निकालापेक्षा खेळाडू गवतावर मोकळा हलतो आहे का, हे तिथे दिसतं. श्वियाँटेकला गवत जमत नाही असं वर्षानुवर्षं सगळे म्हणायचे. २०२५ मध्ये ती बाड होम्बुर्गला गवतावरच्या पहिल्यावहिल्या अंतिम फेरीत पोहोचली, हरली, आणि दोन आठवड्यांनी विम्बल्डनची अंतिम फेरी ६-०, ६-० अशी जिंकली.

यापुढचा भाग थोडा गणिताचा आहे, पण खरी गंमत त्यातच आहे. समजा एखादा खेळाडू स्वतःच्या सर्व्हिसवरचे शंभरातले ६० पॉइंट जिंकतो. मग तो स्वतःच्या सर्व्हिसचा गेम किती वेळा जिंकेल? ६० टक्के नाही. सुमारे ७४ टक्के. कारण गेम जिंकायला एकच पॉइंट पुरत नाही. चार लागतात आणि दोनची आघाडीही लागते, त्यामुळे लहान फायदा वाढत जातो. पॉइंट ६५ टक्के जिंकले तर गेम ८३ टक्के. ७० टक्के जिंकले तर ९० टक्के. आणि ७५ टक्क्यांना गेम ९५ टक्के.

गवतावर सर्व्हिसला बळ मिळतं, म्हणजे दोन्ही खेळाडू या शिडीवर वर सरकतात. दोघंही नव्वद टक्के गेम राखू लागले की ब्रेक, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकणं, दुर्मिळ होतो, सेट टायब्रेकपर्यंत, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमपर्यंत, जातो आणि दोन-चार पॉइंटांवर ठरतो. २०१० मध्ये इस्नर आणि माहू यांचा पाचवा सेट ७०-६८ असा संपला. तीन दिवसांत मिळून अकरा तास पाच मिनिटं खेळ चालला. दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याची सर्व्हिस मोडता येत नव्हती. आता २०२२ पासून शेवटच्या सेटमध्ये ६-६ झाले की दहा पॉइंटांचा टायब्रेक खेळवतात.

२०१९ ची अंतिम फेरी याच कारणासाठी पुन्हा पुन्हा बघण्यासारखी आहे. फेडररने एकूण २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७ असताना फेडररच्या सर्व्हिसवर त्याला विजेतेपदाचे दोन पॉइंट होते. तरी सामना जोकोविचने जिंकला, ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२. तीन टायब्रेक झाले आणि तिन्ही त्याने घेतले. फेडररने जे दोन सेट जिंकले त्यांतला एक मोठ्या फरकाने जिंकला, पण ६-१ ने जिंकलेला सेटही एकच धरला जातो. 'त्या दिवशी चांगलं कोण खेळलं' आणि 'कोण जिंकलं' या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी निघू शकतात. आमच्याकडे त्या सामन्यावर अजून भांडण होतं आणि दोन्ही बाजू बरोबर असतात.

आता आजोबांच्या 'ज्याचा दिवस' कडे येऊ. विम्बल्डनच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि विजेत्याला सात सामने जिंकावे लागतात. समजा तुमचा लाडका इतका भारी आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ९० टक्के आहे. सातही जिंकण्याची किती? ०.९ सात वेळा लिहून त्यांचा गुणाकार करा. उत्तर येतं सुमारे ४८ टक्के. म्हणजे प्रत्येक सामन्यात निर्विवाद सरस असलेल्या खेळाडूचीही स्पर्धा जिंकण्यापेक्षा न जिंकण्याची शक्यता किंचित जास्तच. ८० टक्के धरले तर सातही जिंकण्याची शक्यता २१ टक्क्यांवर येते.

हे मी काकांना कागदावर करून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तू म्हणतेस तो हरणार?" नाही काका. तो इतर कुणाहीपेक्षा जिंकण्याच्या जास्त जवळ आहे. पण 'बाकी सगळे मिळून' त्याच्याहून थोडे पुढे आहेत. फेव्हरिट या शब्दाचा अर्थ एवढाच. तो हरला तर अंदाज चुकला असं लगेच होत नाही, जसं हवामान खात्याने सत्तर टक्के पाऊस सांगितला आणि दिवस कोरडा गेला म्हणून खातं खोटं ठरत नाही.

२०२५ ची चौथी फेरी आठवते? दिमित्रोव सिनरविरुद्ध ६-३, ७-५ असे दोन सेट पुढे होता, तिसऱ्यात २-२. सर्व्हिस टाकताना त्याच्या छातीचा स्नायू दुखावला आणि त्याला सामना सोडावा लागला. सिनर पुढे गेला आणि विम्बल्डन जिंकला. सिनर त्या वर्षीचा योग्य विजेता होता असंच मी म्हणेन. पण तो स्नायू टिकला असता तर आपण आज दुसरंच नाव घेत असतो, हेही तितकंच खरं आहे.

महिलांच्या स्पर्धेत अंदाज आणखी अवघड का जातो, याचं एक कारणही गणितातच आहे. पुरुष पाच सेटांचा सामना खेळतात, महिला तीन सेटांचा. समजा एक खेळाडू दर सेट ७० टक्के वेळा जिंकेल एवढी सरस आहे. तीन सेटांचा सामना ती ७८ टक्के वेळा जिंकेल. पाच सेटांचा असता तर ८४ टक्के वेळा जिंकली असती. फरक किरकोळ वाटतो. सात फेऱ्यांचा गुणाकार केला की पहिल्या प्रकारात विजेतेपदाची शक्यता १८ टक्के येते, दुसऱ्यात २९. सामना जितका लांब, तितकी सरस खेळाडूला चूक भरून काढायची संधी जास्त. २०१७ ते २०२५ या काळात, २०२० ची रद्द झालेली स्पर्धा सोडली, तर आठ स्पर्धांत महिला विजेत्या आठ वेगवेगळ्या आहेत: मुगुरुझा, कर्बर, हालेप, बार्टी, रायबाकिना, वोंद्रुसोवा, क्रेजिकोवा, श्वियाँटेक. पुरुषांमध्ये त्याच काळात विजेते चारच. सेटांची संख्या हे एकमेव कारण नाही. त्या काळातला जोकोविच कुठल्याही मांडणीत बरंच काही जिंकला असता. पण 'महिलांच्या टेनिसमध्ये सातत्य नाही' असं कुणी म्हटलं की मला हा गुणाकार पुढे करावासा वाटतो.

वोंद्रुसोवा २०२३ मध्ये बिनमानांकित होती, म्हणजे स्पर्धेने क्रमांक दिलेल्या ३२ जणींत नव्हती, जगात ४२ वी. विम्बल्डन जिंकणारी ती पहिली बिनमानांकित महिला. पुरुषांत १९८५ चा सतरा वर्षांचा बेकर बिनमानांकित होता आणि २००१ चा इव्हानिसेविच तर १२५ व्या क्रमांकावरून वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांनी दिलेला खास प्रवेश, घेऊन आलेला. यादी मोठी नाही, पण ती आहे. आणि यातलं कुणीही आकाशातून पडलेलं नव्हतं. इव्हानिसेविच त्याआधी तीनदा विम्बल्डनच्या अंतिम फेरीत हरलेला होता, वोंद्रुसोवा २०१९ ला फ्रेंच ओपनची उपविजेती होती. अंदाज बांधताना खालच्या नावांत असे लोक शोधावेत, ज्यांची पत रँकिंगच्या वर आहे.

गवतावरचा खेळाडू ओळखायची एक संधी आपल्याला भारतातच मिळाली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये डेव्हिस कपसाठी इटलीचा संघ कोलकात्याच्या साउथ क्लबवर आला. यजमानाला कोर्ट निवडायचा हक्क असतो. आपण मुद्दाम गवत निवडलं, कारण युरोपातल्या खेळाडूंना फेब्रुवारीत गवताची सवय नसते. विचार चांगला होता, पण इटली ३-१ ने जिंकली. त्यांच्या संघातल्या एका उंच तरुणाने आपल्या प्रज्ञेश गुणेश्वरनला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. त्याचं नाव माटेओ बेरेत्तिनी. चार महिन्यांनी त्याने स्टुटगार्टला गवतावरची स्पर्धा जिंकली आणि २०२१ मध्ये तो विम्बल्डनच्या अंतिम फेरीत होता. त्या दिवशी कोलकात्यात ज्यांनी त्याची सर्व्हिस आणि तो खाली राहणारा स्लाइस बॅकहँड बघितला, त्यांना पुढचं नवल वाटलं नसणार. आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर असं सपाट गवत राखणं कठीण. त्यामुळे आमच्यातल्या बहुतेकांनी गवतावर कधी रॅकेट धरलेली नाही. तरी नजर तयार करता येते.

राहिला ड्रॉ. तो स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवारी लागतो. ३२ मानांकित असे विखुरलेले असतात की तिसऱ्या फेरीआधी त्यांची आपसांत गाठ पडू नये, आणि पहिला व दुसरा अंतिम फेरीखेरीज भेटू नयेत. बाकी सगळं चिठ्ठीवर. म्हणून ड्रॉ लागल्यावर मानांकनाचे आकडे झाकून नुसती नावं वाचावीत आणि आपल्या खेळाडूच्या वाटेत गवतावर बरे असणारे किती आहेत ते मोजावं. मोठी सर्व्हिस असलेला बिनमानांकित खेळाडू दुसऱ्या फेरीत समोर येणं हे कागदावर सोपं दिसतं. वर सांगितलेली शिडी आठवली की ते तितकं सोपं नाही हे कळतं. तिथे तीन टायब्रेक झाले तर सामना नाणेफेकीच्या जवळ जातो.

ड्रॉ लागल्यावर आम्ही एक काम करतो. सेंटर कोर्टावरचा पहिला सामना आपल्याकडे संध्याकाळी सहाला सुरू होतो, त्याच्या आत प्रत्येकाने एका कागदावर जिंकू शकतील अशी नावं लिहायची आणि प्रत्येकापुढे टक्के. अट एकच: 'इतर कुणीही' या ओळीसह बेरीज बरोबर शंभर यायला हवी. पहिल्यांदा कुणाचीच येत नाही. दोन मोठ्या नावांना पन्नास-पन्नास देऊन झाल्यावर लोकांना जुना चॅम्पियन आठवतो, मग तो डावखुरा, मग क्वीन्सला चमकलेला पोरगा, आणि आकडा दीडशेवर जातो. मग टक्के कापायला बसावं लागतं. काका नंबर एकच्या पुढचे पाच टक्के काढून 'इतर कुणीही'च्या ओळीत टाकायला तयार होतात का, यावर पुढचा अर्धा तास जातो.